क्रोशाची डॉग लीश: आधी ताण मोजा, मग किंमत लावा



व्हिडिओमध्ये आपण क्रोशाची लीश विणताना पाहिली. लीश म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला अडकवून हातात धरायची दोरी. आज लेखात तो भाग घेऊया ज्यावर हा धंदा टिकतो किंवा बुडतो: मजबुती आणि किंमत. दोन्ही गोष्टी अंदाजाने ठरवायच्या नाहीत, मोजून ठरवायच्या.

घनसावंगी तालुक्यातलं आपलं तीर्थपुरी म्हणजे ऊस-कापसाचा भाग. बैलाचा कासरा घेताना इथला शेतकरी आधी रंग बघत नाही, पीळ बघतो, हातात ताणून बघतो. पोळ्याचे गोंडे रंगीत चालतील, पण कासरा तुटला तर बैल उधळणार हे त्याला माहीत असतं. लीशचं तसंच आहे. रुमाल किंवा तोरण उसवलं तर गिऱ्हाईक फार तर नाराज होईल. लीश भर रस्त्यात तुटली तर कुत्रा गाडीखाली जाऊ शकतो. म्हणून ही शोभेची वस्तू समजू नका, ही जबाबदारीची वस्तू आहे.

नुसतं विणकाम का चालत नाही?

क्रोशाचं विणकाम ताणतं. शिवाय कुत्रा मांजर बघून पळत सुटला आणि लीश एकदम संपली, की बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जास्त असतो. त्यामुळे ताण घ्यायला आत नायलॉनची नवार हवी, म्हणजे शाळेच्या दप्तराच्या पट्ट्याला असते तशी पट्टी. विणकाम वरून राहील. ते हाताला मऊ लागतं आणि दिसायला छान असतं, पण ओझं नवारीने उचलायचं.

साहित्य

- २.५ सेंमी रुंद नायलॉनची नवार, १८० सेंमी
- जाड सुती दोरा आणि ३ ते ३.५ मिमीची क्रोशाची सुई
- गोल फिरणारा, मजबूत धातूचा हुक. किल्लीच्या जुडग्याचा हुक अजिबात नको.
- शिवायला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा जाड दोरा

कृती

१. आधी १० सेंमीचा नमुना विणून टाके मोजा. समजा १० सेंमीत २० टाके आले, तर १६८ सेंमीसाठी ३३६ साखळ्या घाला.

२. लांबीच्या दिशेने मुके खांब घाला. यूट्यूबवर यालाच सिंगल क्रोशे म्हणतात. साधारण ६ ओळींत नवार झाकली जाते. हात घट्ट ठेवा. आडव्या छोट्या ओळी घालत लांबी वाढवली, तर पट्टी जास्त ताणते.

३. नवारीची कापलेली टोकं मेणबत्तीवर हलकी शेकून घ्या, म्हणजे धागे सुटणार नाहीत. दोन्ही टोकांना ६-६ सेंमी नवार मोकळी सोडा आणि मधल्या भागावर विणलेली पट्टी दोन्ही कडांनी शिवा. शिवताना विणकाम ओढू नका, नाहीतर ताण नवारीऐवजी विणकामावर येईल.

४. एका टोकात हुक ओवून मोकळी नवार मागे दुमडा. दुसऱ्या टोकाला ३६ सेंमीचा फास करून मूठ तयार करा. दोन्ही जोडांवर चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई मारा. घरच्या मशीनला ही जाडी झेपत नसेल तर बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून करून घ्या. हे पैसे वाचवू नका. मधली पट्टी सहसा तुटत नाही, दगा देतो तो जोड किंवा हुक.

तयार लीश साधारण दीड मीटर, म्हणजे पाच फूट भरते.

तपासणी: हीच तुमची जाहिरात

आपल्याकडे वजनं घरातच असतात. डीएपीची गोणी ५० किलोची, युरियाची ४५ किलोची. लीशची मूठ मजबूत आढ्याला अडकवा, हुकाला डीएपीची गोणी टांगा. गोणी जमिनीपासून चार बोटंच वर ठेवा आणि पाय लांब ठेवा. दहा मिनिटांनी शिलाई, हुक आणि लांबी तपासा. मग २० किलोचं ओझं टांगून ते वीतभर उचला आणि सोडा, असं दहा वेळा. शेवटी लीश रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, रंग जातो का बघा आणि पुन्हा ओझं टांगा.

दर दहा नगांमागे एक नग असा तपासा. तपासलेला नग विकू नका, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवा. हुकाचा नवीन माल आला की पुन्हा तपासणी. सुरुवातीला २० किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठीच विका आणि चिठ्ठीवर तसं छापा. सोबत हेही लिहा: "फक्त हातात धरून फिरवण्यासाठी. बांधून ठेवण्यासाठी नाही." बांधलेला कुत्रा विणकाम चावून काढतो.

आता किंमत

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला.

- दोरा, नवार, हुक, शिलाई, चिठ्ठी, पॅकिंग: १९० रुपये
- मजुरी, ४ तास, ६० रुपये तासाने: २४० रुपये
- बिघडलेले आणि तपासणीत गेलेले नग, १० टक्के: ४३ रुपये
- एकूण: ४७३ रुपये

दुकानदार विक्री किमतीच्या ३० टक्के ठेवणार असेल, तर ४७३ हातात यायला लीश सुमारे ६७६ रुपयांना विकली गेली पाहिजे. त्यातही तुमचा नफा अजून धरलेला नाही.

इथेच बऱ्याच ताई म्हणतात, "सर, मी तर घरीच असते, माझी मजुरी कशाला धरायची?" ताई, ३३६ टाके गुणिले ६ ओळी म्हणजे दोन हजारांहून जास्त टाके तुम्ही घातलेत. आंध्रातलं नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. लेस परदेशात जात होती, व्यापारी मोठे होत होते. पण विणणाऱ्या बायकांना कामगार कोणी मानतच नव्हतं. 'घरात बसून रिकामा वेळ घालवतात' असं धरून त्यांना अगदी तुटपुंजे पैसे मिळत. आपल्या तासांची किंमत आपणच शून्य लिहिली, तर समोरचा ती वाढवून देणार नाही.

विकायचं कुठे?

गावात कुत्रा बांधायला साखळी किंवा दोर चालतो, तिथे ही लीश खपवायला जाऊ नका. तुमचं गिऱ्हाईक जालना, छत्रपती संभाजीनगर, पुण्यात आहे. यंत्रावरच्या स्वस्त लीशशी किमतीत भांडू नका. आवडीचा रंग, हव्या त्या मापाची लांबी, जोडीचा गळपट्टा, हे यंत्राचा माल देत नाही. थेट ऑर्डर घेतली तर दुकानदाराचा वाटाही वाचतो. गोणी टांगलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवा, दहा फोटोंपेक्षा तो जास्त बोलतो.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. 'उमेद'च्या बचत गटात असाल तर गटातूनच काम वाटून घ्या: दोघी विणतील, एक शिवेल, एक तपासेल. राज्याबाहेर माल पाठवण्याआधी मात्र जीएसटीचे नियम सीएकडून समजून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ: एकच लीश बनवा. घड्याळ लावून प्रत्येक टप्प्याचा वेळ वहीत लिहा. मग गोणी टांगा. जोड टिकला आणि वहीतला हिशोब जुळला, तरच दुसऱ्या लीशचा दोरा आणायला बाजारात जा.