समाजमंदिरातल्या वर्गात मुलगेही यावेत म्हणून

इचलकरंजीत तुझा वर्ग सुरू होतोय आणि तुला तिथे मुलगेही हवेत, हे ऐकून फार बरं वाटलं. कोल्हापुरात आयुष्यभर कथक शिकवताना जे हाती लागलं ते आता तुझ्या पदरात टाकते. पटेल ते घे, न पटेल ते बाजूला ठेव, पण एकदा नीट ऐकून घे.

आधी दारावरच्या फ्लेक्सचं बघ. अनारकली घातलेल्या, गिरकी घेणाऱ्या मुलीचा फोटो सगळेच लावतात. तो बघून मुलाचा बाप पुढे निघून जातो, कारण त्या फ्लेक्सवर त्याच्या मुलाला जागाच नसते. तू मुलगा आणि मुलगी दोघांचे फोटो लाव. सुरुवातीला वर्गात मुलगा नसेल तर नुसते घुंगरू बांधलेले पाय दाखव. खाली लिही, ‘मुलामुलींसाठी कथक, तबल्याच्या साथीनं.’ तबला हा शब्द मोठा लिही. मुलगे त्याच वाटेनं येतात.

आता या वाटेचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथंच ठरतं. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला हस्तमुद्रा दाखवू नकोस, आरशापुढे उभं करू नकोस. तबल्याशेजारी मांडी घालून बसव आणि हातावर तीनताल धरायला लाव. सोळा मात्रा. पहिली, पाचवी आणि तेरावीला टाळी, नववीला खाली. मग पढंत. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ तोंडानं म्हणायचं, हातानं ताल धरायचा. आपल्याकडच्या पोरांनी गणपतीत हलगी ऐकलेली असते, शाळेत लेझीम केलेलं असतं. लय त्यांच्या अंगात आधीच असते, फक्त तिला हिशेब लागतो. तो हिशेब तिहाईनं दाखव. पाच मात्रांचा एक तुकडा घे, त्यापुढे एक मात्रा रिकामी सोड आणि असं तीनदा म्हणायला लाव. शेवटच्या तुकड्यानंतर काही सोडायचं नाही. पाच, एक, पाच, एक, पाच, म्हणजे सतरा. समेवर निघालेलं पोर पुढच्या समेवर बरोबर येऊन पडतं, कारण सतरावी मात्रा हीच पुढच्या आवर्तनाची पहिली. फळ्यावर खडूनं मांडून दाखव. मग त्यालाच विचार, मधली रिकामी मात्रा काढून टाकली तर कितव्या मात्रेवरून निघावं लागेल? बोटं मोजून मोजून ‘तिसरी’ म्हणेल आणि लगेच करून बघायला उठेल. तो उठला, की त्याच क्षणी त्याला पायांत घे. त्याला कुणी नाचायला सांगितलं नाही, तो आपणहून उभा राहिलाय, हे लक्षात असू दे.

काही मुलं मोबाइलवर बघून हिप-हॉप शिकून येतात. त्याला नाक मुरडू नकोस. ‘येतं ते कर’ म्हण, आणि त्याच्या नाचातल्या मात्रा मोजून दाखव. वसईच्या बाजूच्या पोरांनी ‘द किंग्ज’ या नावानं २०१९ साली अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी ‘व्ही अनबीटेबल’च्या पोरांनीही तिकडची मोठी स्पर्धा मारली. साध्या घरांतली, वस्तीतली पोरं ती. तुझ्याकडे येणाऱ्या मुलांना त्यांची नावं तोंडपाठ असतात. तुलाही असू देत.

आता शरीराचं. तालमीत जाणारा मुलगा आला तर आनंदानं घे. बैठकांनी त्याच्या मांड्या-पोटऱ्या तयार असतात, तत्कार लवकर बसतो. पण जोर मारून खांदे आवळलेले असतात. हात छातीसमोर धरले की ते खांदे कानाकडे चढतात. ‘खांदे खाली, खांदे खाली’ असं ओरडत बसू नकोस. त्याच मुद्रेत उभं ठेवून पढंत म्हणायला लाव. श्वास घ्यावाच लागतो, आणि खांदे आपोआप उतरतात. मर्दानी खेळाचा पवित्रा येणाऱ्या पोरांचं वजन पायांवर छान तोललेलं असतं, त्यांना गतनिकास आधी शिकव. आणि एक पक्कं ठेव, तालीम की नाच असा प्रश्न त्याच्यापुढे कधीही टाकू नकोस. तुझ्या वेळा अशा लाव की दोन्ही जमतील. क्रिकेटची वेळ तर सोडूनच दे; संध्याकाळी पाच ते सातमध्ये मुलगे येतील ही अपेक्षाच धरू नकोस. सकाळी शाळेआधी किंवा सातनंतर.

साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी मुलं भराभर उंच होतात. हाडं पुढे, स्नायू मागे अशी गत होते. काल पायाला लागणारे हात आज घोट्याशीच अडतात, चक्करीत तोल जातो, आणि पोरगं मनातून खचतं. त्याला स्पष्ट सांग, ही वाढ आहे, तुझी चूक नाही, वर्षभरात जागेवर येईल. या काळात गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर तत्कार अर्ध्या लयीत आण, उड्या आणि गुडघ्यावर घसरणं बंद कर. सिनेमा बघून त्यांना तेच सगळ्यात आवडतं, तरी बंद कर. दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे पाठव. समाजमंदिरात शहाबादी फरशी असणार, तिच्यावर तासभर पाय आपटले की मुली काय नि मुलगे काय, सगळ्यांचेच गुडघे बोलतात. जाड प्लायचे तुकडे जोडून निदान एक कोपरा तयार करून घे. याच वयात मुलाचा आवाज फुटतो. त्या महिन्यांत त्याला चारचौघांत पढंत म्हणायला लावू नकोस, त्याच्या हाती ताल दे.

वर्गात एकटा मुलगा फार दिवस ठेवायचा नाही. पहिला आला की त्यालाच म्हण, ‘तुझा एक मित्र घेऊन ये, महिनाभर नुसता बसू दे.’ दोघं झाले की टिकतात. पण मुलग्यांचा वर्ग वेगळा काढायला माझा ठाम विरोध आहे. लय सगळ्यांना एकच असते, आणि मुलींशेजारी उभं राहून घाम गाळणं हे मुलग्यांनी शिकायलाच हवं. कपडे बदलायला त्यांना आडोसा मात्र दे. बहुतेक ठिकाणी ही सोय फक्त मुलींसाठी असते आणि मुलगे जिन्यात उभे राहून कुर्ता चढवतात. अंगाला हात लावून उभं राहणं सुधारायचं असेल तर आधी सांगून, विचारून. मुलगा आहे म्हणून हा नियम ढिला करू नकोस.

आणि मुलग्यांचे लाड करू नकोस. हे मी पोटतिडकीनं सांगते. एखादाच मुलगा असला की शिक्षिका हरखते, त्याला लगेच मधोमध उभं करते, प्रत्येक कार्यक्रमात कृष्ण त्याचाच. मागच्या रांगेत चार-चार वर्षं घासलेल्या मुली हे बघत असतात आणि त्यांना ते लागतं. फी सगळ्यांना सारखी, उशिरा आलं तर बोलणी सारखी, रांग तयारीप्रमाणे. कृष्ण आलटून पालटून, मुलीही करतील. मुलग्याचाही यात फायदाच आहे. दुर्मिळ म्हणून ज्याचं कौतुक झालं, तो दुसरा मुलगा आला की रुसतो.

मुलगा म्हणजे फक्त तांडव आणि परण, असंही करू नकोस. लयीच्या दारातून आत आणलंस, तर दारातच उभं ठेवू नकोस. घूंघटाची गत त्यालाही शिकव. आधी बघायला दे. बिरजू महाराजांची रेकॉर्डिंग दाखव. पुरुष माणूस नुसत्या नजरेनं आणि मनगटानं नायिका उभी करतो, ती बघताना पोरं हसायची विसरतात. ओडिसीचे केलुचरण महापात्र दाखव. उतारवय, ना वेणी ना पदर, आणि समोर राधा. आपल्या बालगंधर्वांचं सांग. चौदा वर्षांच्या मुलाला एकदम राधा कर म्हणू नकोस, आधी यशोदेनं लोणी घुसळणं, नदीवर पाणी भरणं, अशी कामं करायला दे. हात कामात गुंतले की चेहऱ्याची लाज सुटते. काही मुलांच्या चालण्याबोलण्यात जात्याच मऊपणा असतो. ते ‘सुधारायला’ जाऊ नकोस, ‘पुरुषासारखा नाच’ हे वाक्य तुझ्या वर्गात कुणाच्याही तोंडून येता कामा नये. घरचे विचारतील, नाचून बायकी तर नाही ना होणार? त्यावर हमी देत बसू नकोस. ‘तुमचा मुलगा मन लावून शिकतोय’, एवढंच सांग. हमी दिलीस तर मऊ मुलं म्हणजे काहीतरी वाईट, हे तूही मान्य केलंस असं होतं.

घराकडे वळते. मुलगा क्वचितच स्वतःहून नाच सोडतो, त्याला सोडायला लावतात. ‘नाच्या’ हा शब्द आपल्या भागात शिवीसारखा फेकतात. आनंद यादवांनी ‘नटरंग’मध्ये कागलचा गुणा रंगवला, तो तर तुझ्या-माझ्या शेजारचाच. धडधाकट गडी, नाच्या झाला म्हणून गाव त्याच्यावर उलटलं. ती भीती बापाच्या पोटात अजून आहे. तिला हसू नकोस, आणि दारात उभं राहून वादही घालू नकोस. बापाला आत बोलाव.

आई कित्येकदा मुलाला गुपचूप आणते. ‘ह्यांना सांगू नका हं बाई’ म्हणते. मुलाला घे, पण महिन्याच्या आत बापाला कळलंच पाहिजे असं तिला सांग. लपवून नाचणारं पोर नाच ही लपवायची गोष्ट आहे हेच शिकतं. बाप मागावर कामाला असेल तर त्याची पाळी कोणती ते विचार आणि त्या वेळेला धरून बोलाव. रिकाम्या हातानं बसवू नकोस, काम दे. मी घुंगरू ओवायला देते. जाड सुती दोरीत एकेक घुंगरू ओवून प्रत्येकाला वेगळी गाठ मारायची, म्हणजे नाचताना दोरी कुठे तुटली तरी सगळे ओघळत नाहीत. नवख्या मुलाला एका पायाला पंचवीस पुरेत. मागावर काम केलेल्या माणसाला गाठीबद्दल काय शिकवायचं? माझ्याकडे असा एक बाप आला होता. मी बांधलेली गाठ त्यानं निरखली, मान हलवली, सोडली आणि स्वतःच्या पद्धतीनं बांधली. तुझ्याही गाठी तपासून देईल असा बाप शोध. स्वतः बांधलेले घुंगरू मुलाच्या पायांत असले, की ‘बंद कर हे’ म्हणणं जड जातं.

आजोबा असतील तर आधी त्यांना गाठ. त्यांनी सोंगी भजनात सोंग घेतलेलं असतं, वारीत पावली खेळलेली असते. कोकणातले पाव्हणे असतील तर जाखडी आणि दशावतार त्यांच्या रक्तातच. बापाशी बोलताना हाताशी चार गोष्टी असाव्यात. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती उभी करणाऱ्या रोहिणीताई भाटे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकल्या. म्हणजे गुरू पुरुषच. कथकली आणि कुचिपुडी परंपरेनं पुरुषांचेच. तंजावरच्या मराठी गादीवरच्या सरफोजीराजांनी भरतनाट्यमसाठी मराठीत रचना केल्या, आणि त्या पुन्हा मंचावर आणणारे आचार्य पार्वतीकुमार मालवणचे. कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ काढला तेव्हा नायक म्हणून नर्तकच घेतला, गोपीकृष्ण. पण हे एका दमात सुनावू नकोस. बापाचं काय म्हणणं आहे ते आधी ऐक, त्याला लागू पडेल ती एकच गोष्ट सांग. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात, दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात, हेही खरं आहे, विचारलं तर जरूर सांग. त्याच आशेवर बोलावू नकोस. गुणांसाठी आलेलं पोर गुण मिळाले की जातं.

पहिला कार्यक्रम शाळेच्या गॅदरिंगमध्ये नको. तिथे समोर चिडवणारेच बसलेले असतात. पहिल्यांदा गुरुपौर्णिमेला वर्गातच, घरच्यांपुढे. मग गल्लीतल्या गणेश मंडळापुढे, रेकॉर्डवर नाही, तबल्यावर, आणि तबलजीशी सवाल-जवाब ठेव. मिरवणुकीत हलगीवर नाचणारी माणसंच समोर असतात, सम पडली की दाद हमखास येते. शाळेचं नंतर, तेही मुलगा स्वतः म्हणाला तर. चिडवणं शाळेत हाताबाहेर गेलं तर मुलाला ‘दुर्लक्ष कर’ म्हणून सोडून देऊ नकोस. स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेट.

नववी संपली की गळती लागते. क्लास, सराव परीक्षा, घरचा धाक. त्या वर्षी कुणाचंही नाव वहीतून काढू नकोस. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी तासभर, लहानांच्या वर्गाला ताल धरायला बोलाव. पाय नाही चालले तरी पढंत तोंडात राहते, आणि लहान मुलग्यांना समोर मोठा मुलगा दिसतो. दहावीच्या वर्षाची फी मुलगा-मुलगी सगळ्यांना निम्मी कर, आणि ते आधीच, आठवीत असतानाच घरी सांगून ठेव.