एका गुणावर भुलू नका : मक्याच्या संकरापासून ऊस बागायतदारांनी घ्यावयाचा धडा



भाटघर धरणाच्या खाली नीरेच्या काठाने लागणीच्या नोंदी घेत आम्ही फिरतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, जादा टनेज देणारं एकच बेणं सांगा, बाकीचं राहू द्या." प्रश्न रास्त आहे, पण चूक त्यातच आहे. ती समजण्यासाठी या खेपेस मक्याकडे वळू. मका आणि ऊस एकाच गवत कुळातले भाऊबंद. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले (ते २०२४ मध्ये उठले), तेव्हापासून इथेनॉलसाठी मक्याचे नाव आपल्याकडेही निघते.

संकर निवडायची अडचण

संकरित मका दोन शुद्ध वंशांच्या मिलनातून होतो. शास्त्रज्ञाजवळ असे १०० वंश असले, तर त्यांच्या जोड्या होतात ४,९५०. एवढे संकर ठिकठिकाणी पेरून पाहायला जमीन, माणसे आणि पैसा आणायचा कुठून?

यावर २००१ सालापासून एक मार्ग पुढे आला. काही थोडे संकर प्रत्यक्ष पेरायचे आणि मोजायचे. सर्व शुद्ध वंशांच्या डीएनएवरील हजारो खुणा प्रयोगशाळेत वाचायच्या. कोणत्या खुणेने उत्पन्न किती वाढते वा घटते, याचा हिशेब संगणक मांडतो. आईबापाच्या खुणा माहीत असल्या की न पेरलेल्या संकराच्या खुणाही कळतात आणि त्याचा अंदाज बांधता येतो. हैदराबादेतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने अवर्षण सोसणाऱ्या मक्यासाठी ही पद्धत वापरली आहे.

अनेक गुण एकत्र का?

गुण एकमेकांना बांधलेले असतात. उशिरा पिकणारा मका बहुधा जादा दाणे देतो, पण काढणीच्या वेळी ओल जास्त राहते. ताट उंच वाढले की वाऱ्याने लोळायची भीती. नुसत्या दाण्याच्या मागे लागले, तर नकळत उशीर आणि लोळणेही पदरात पडते. म्हणून उत्पन्न, पक्वता, उंची, ओल यांचा अंदाज एकत्र काढतात आणि प्रत्येक गुणाला वजन देऊन निवड करतात.

यात आणखी एक सोय आहे. दाण्याचे उत्पन्न हवामानागणिक बदलते, त्यामुळे त्याचे मोजमाप बेभरवशाचे. उंची आणि तुऱ्याचे दिवस सोपे. दोन गुणांत खरे नाते असेल, तर सोप्या मापाचा आधार अवघड अंदाजाला मिळतो. नाते नसेल तर फायदा नाही, हेही खरे.

आता आपल्या उसाकडे

मक्याची गुणसूत्रे २०, तर उसाची १०० च्या वर. म्हणून उसाचे गणित फार किचकट. उसाच्या आर ५७० या वाणाचा जनुकीय आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे वाट थोडी सोपी झाली. पण धडा तोच. को ८६०३२ (नीरा) हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आला. तो टिकला तो टनेज, साखर आणि खोडवा या तिन्हींच्या मेळाने. २००७ सालचा फुले २६५ टनेजला दांडगा, खारवट जमिनीतही तगतो; मात्र साखरेच्या बाबतीत तो नीराच्या मागे पडतो. एकट्याचे टनेज वाढले आणि सर्वांचा उतारा घसरला, तर दर कुणाचा कमी होणार? एफआरपी कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे आपलाच.

आपण काय करावे

१) चोपण जमिनीसाठी एक वाण, चांगल्या निचऱ्याच्या जमिनीसाठी दुसरा, अशी विभागणी करावी. सगळ्या रानात एकच बेणे नको.

२) लागणीची तारीख, वाण, टनेज, ब्रिक्स, लोळणे, तुरा व खोडव्याचे उत्पन्न वहीत लिहावे. तोडणीला आलेल्या फडाचा ब्रिक्स आम्ही बांधावर येऊन घेऊन देऊ.

३) संकरित मक्याचे बी घरचे धरू नये; दुसऱ्या पिढीत गुण फुटतात व उत्पन्न घसरते.

संगणक कितीही हुशार असो, रानात मोजलेला आकडा चुकला की त्याचा अंदाजही चुकतो. तेव्हा बेणे ठरविण्याआधी वही उघडा, आणि वही नसेल तर येत्या लागणीपासून सुरू करा.