बाळाचे वजन आणि वरणाचे पाणी



गृहविज्ञानाच्या तासाला नववीच्या मुलींना आम्ही एक काम दिले होते. घरी किंवा शेजारी दोन वर्षांच्या आतले बाळ असल्यास त्याच्या कार्डावरील वजने उतरवून आलेख काढायचा. एका मुलीने भावाचा आलेख आणला. सहाव्या महिन्यात ७ किलो, सातव्यात ७, आठव्यात ७, नवव्यातही ७. रेष अगदी आडवी. "बाई, माझं काही चुकलं का?" तिने विचारले. तिचे काहीच चुकले नव्हते.

आम्ही आईला बोलावले, आजीही आल्या. बाळ अंगावर पिते, दिवसातून चारदा वरणाचे पाणी घेते आणि आमच्या घराण्यात सगळे बारीकच, असे आजींचे म्हणणे. येथे आम्हालाच खजील व्हावे लागले, कारण शिशुवर्गाच्या पालकसभेत वरणाच्या पाण्याची शिफारस आम्हीही वर्षानुवर्षे केली आहे.

पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे असते, वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर वर्षाचे होईपर्यंत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मीच दुधातून मिळते, आणि जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही संपत येतो. बाळाचे पोट वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटरचे, म्हणजे ७ किलोच्या बाळाचे जेमतेम वाटीभर. ते पाण्याने भरले की बाळ शांत झोपते, घरच्यांनाही समाधान वाटते. डाळ मात्र पातेल्याच्या तळाशी राहिलेली असते!

म्हणून वरण द्यायचे ते घट्टच. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, चमच्यातून चटकन ओघळणार नाही अशी, वर थोडे तूप. घरी चालत असेल तर अंडेही. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. दूध चालूच ठेवावे. मध वर्षाच्या आत मुळीच नको. नाक दाबून भरवू नये, आणि जेवणाआधी चहा-बिस्किट देऊन भूक मारू नये.

परंतु दर वेळी दोष खाण्याचाच असतो असेही नाही. दूध ओढताना बाळाला दम लागणे, घाम येणे, दर वेळी ठसका लागणे, वारंवार जुलाब, दिवसभरात लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांकडेच जावे. हृदयाचा दोषही असा प्रथम दूध पिण्यातच दिसू शकतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्याप्रमाणे नऊ महिन्यांच्या मुलाचे वजन ७.१ किलोपेक्षा कमी असल्यास ते कमी वजन समजतात. सात महिन्यांना ही मर्यादा ६.७ आहे. म्हणजे हे बाळ सातव्या महिन्यात तक्त्यात ठीकच बसत होते! एकदाच वजन केले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. थांबलेली रेष मात्र तेव्हाच बोलत होती.

आपल्या मध्यप्रदेशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३३ टक्के मुले वजनाने कमी आढळली. हा प्रश्न फक्त झोपडीतला, असे समजून आपण आपल्या घरातला काटा पाहत नाही. अंगणवाडीत वजन होते, दंडाचे मापही घेतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरल्यास किंवा दोन्ही पावलांना सूज असल्यास एक दिवसही थांबू नये. अशा मुलांसाठी शासकीय रुग्णालयांत पोषण पुनर्वास केंद्रे आहेत, तेथे आईलाही सोबत ठेवतात.

त्या बाळाला डॉक्टरांनी तपासले. रक्त कमी निघाले, लोहाचे औषध सुरू झाले. आजींनी वरण घोटून घट्ट केले. परवा मुलीने आलेखावरचे पुढचे दोन ठिपके दाखवले, ७.३ आणि ७.७.

शिशुवर्गासाठी बाळांचा एक काटा मिळावा, अशी विनंती आम्ही न्यासी मंडळाकडे केली आहे. पुढील पालकसभेला धाकट्या भावंडांनाही आणावे. येताना कार्ड विसरू नये.