कृतज्ञता आणि मिंधेपणा

'कृतज्ञता' हा शब्द आपल्या कानांवर इतक्या वेळा पडतो की त्याचा अर्थ विचारण्याची गरजच आपल्याला भासत नाही. निरोपसमारंभात आपण कृतज्ञता व्यक्त करतो, स्नेहसंमेलनाच्या शेवटी आभारप्रदर्शन करतो आणि टाळ्या थांबल्या की सारे विसरून जातो. गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी आम्हांला याच विषयावर निबंध लिहावयास सांगितला. मीही चार पुस्तकांतून चार विचार गोळा करून दोन पाने भरली. निबंध परत आला तेव्हा खाली तांबड्या शाईत एवढेच लिहिले होते : 'यात तुम्ही स्वतः कोठे आहात?' हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा उशिरा दिलेले उत्तर होय.

खरे ते आधी सांगतो. माझे शिक्षण माझ्या चुलत्यांच्या पैशावर चालले आहे. वडिलांची जमीन कोरडवाहू; पाऊस झाला तर पीक, नाहीतर रोजगार. कॉलेजात नाव घालण्याची वेळ आली तेव्हा काका पुढे झाले. फीचे, खानावळीचे पैसे ते वेळेवर देतात. त्यांनी कधी हिशेब मागितला नाही, की चारचौघांत बोलून दाखविले नाही. असे असूनही त्यांच्यासमोर उभा राहिलो की माझी मान खाली जाई आणि मनात प्रेमाऐवजी एक प्रकारचा राग येई. सुटीत घरी गेलो तरी त्यांच्या ओसरीवर जाण्याचे मी टाळत असे. उपकार करणाऱ्याचाच राग यावा, ही गोष्ट मला स्वतःलाच लाजिरवाणी वाटे.

या भावनेला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : मिंधेपणा. आणि याच भाषेत दुसराही एक शब्द आहे : उतराई. उपकार दोन्हीकडे आहेत, परंतु मिंधा मनुष्य ओझ्याखाली दबतो आणि उतराई होणारा ते ओझे उचलून पुढे चालतो. माझ्या निबंधात या दोहोंतील फरकच आला नव्हता.

आपल्या प्राचीन ग्रंथांत कृतज्ञतेचा विचार भावना म्हणून नव्हे, तर ऋण म्हणून केलेला आढळतो. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात हा विचार अधिक व्यापक झाला. जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी म्हणूनच जन्मतो, असे सांगून तेथे चौथे ऋण जोडले आहे, ते मनुष्यांचे. पण मला विशेष वाटले ते ही ऋणे फेडण्याच्या रीतीचे. ऋषींचे ऋण ऋषींना काही देऊन फिटत नाही. ते अध्ययनाने फिटते. पितरांचे ऋण पुढच्या पिढीला जन्म देऊन, तर मनुष्यांचे ऋण दारी आलेल्याला आसरा व अन्न देऊन फिटते. देव सोडले तर बाकीची फेड ज्याने दिले त्याच्याकडे उलट जात नाही. ती पुढच्याकडे जाते. हे वाचले तेव्हा पटले, पण उमगले नाही. उमगले ते बेंदराच्या दिवशी.

आमच्या सातारा भागात आषाढात बेंदूर येतो. इतरत्र श्रावणी अमावास्येला पोळा असतो, तोच हा सण. आता गावात ट्रॅक्टर आले आहेत आणि बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. पण काकांनी आपली जोडी मोडलेली नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. त्यांना हळद आणि तूप चोळतात. गोठ्यात कंदील टांगून काका बैलाचा खांदा चोळीत बसले होते. मी शेजारी वाटी धरून उभा होतो. त्यांनी सदरा काढून ठेवला होता. बैलाच्या खांद्यावर जसा घट्टा, तसाच काकांच्या खांद्यावरही मला त्या उजेडात दिसला. वर्षानुवर्षे पोती वाहिल्याचा तो घट्टा होता. माझी फी कोठून येते हे मला ठाऊक होते. पण ते मी पाहिले मात्र त्या दिवशी.

मनातले बोलून टाकावे म्हणून मी म्हणालो, "काका, नोकरी लागली की तुमची पै न् पै फेडीन."

काकांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आरं, मला काय फेडतोस? मला तरी फुकटच दिलं की कुणी कुणी. तू आपल्या धाकटीकडं बघ. तिला गणित येत न्हाई, तवर माझे पैसे फिटलं न्हाईत म्हणायचं."

काकांनी शतपथ ब्राह्मण वाचलेले नाही. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे.

येथे एक शंका मात्र प्रामाणिकपणे उपस्थित केली पाहिजे. वसतिगृहात या विषयावर बोलणे निघाले तेव्हा माझा एक मित्र उसळून म्हणाला, "एक दिवस बैलाला पुरणपोळी आणि वर्षभर चाबूक, ही कसली रे कृतज्ञता? लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करता. ती हातात धरणाऱ्याला कधी घरात घेतलेत काय?" या प्रश्नाला माझ्यापाशी पळवाट नव्हती. बलुतेदारीत कष्टकऱ्याला सुगीला धान्य मिळे, पण त्याबरोबर वर्षभराचे मिंधेपणही मिळे. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते या मिंधेपणाच्या मुळावर घाव घालण्यासाठीच. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या भाषणात, थोर पुरुषांविषयी कृतज्ञ राहण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते, असे त्यांनी बजावले. आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांच्या विचाराचा दाखला देऊन, स्वाभिमानाची किंमत मोजून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, असा त्यांनी इशारा दिला. तेव्हा जी कृतज्ञता अन्यायाविरुद्ध तोंड उघडू देत नाही तिला कृतज्ञता म्हणूच नये. आणि दुसऱ्याने आपले उपकार स्मरावेत म्हणून त्याच्या मानेवर बसणे हे तर दानही नव्हे.

केरसुणीचा जो प्रश्न माझ्या मित्राने विचारला, त्याचे उत्तर गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे. बाबांनी खराट्याची पूजा केली नाही. तो हातात घेतला. गावात शिरले की आधी रस्ते झाडावयाचे, मग कष्टाची भाकरी खावयाची आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडावयाची, असा त्यांचा क्रम असे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःच्या संसारासाठी त्यातले काही घेतले नाही. घेतलेली भाकरी खराट्याने फेडणारा हा मनुष्य कोणाचा मिंधा झाला नाही, आणि कोणाला त्याने मिंधे केले नाही.

आता 'सारे चांगले चालले असता कृतज्ञ राहणे सोपे आहे, दुःखात काय?' असे कोणी विचारील. त्याला तुकोबांचे चरित्र हेच उत्तर. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. तुकोबांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे दुःख त्यांनी आपल्या अभंगांत झाकून ठेवलेले नाही. तरीही दिवाळे निघाले ते बरेच झाले, त्यामुळे देवाची ओढ लागली, असेही ते एका अभंगात म्हणतात. हे वाक्य दुसऱ्याने त्यांना ऐकविले असते तर ते क्रूर ठरले असते. ज्याने सोसले त्यालाच ते म्हणण्याचा अधिकार आहे. परंपरा असे सांगते की, त्यानंतर तुकोबांनी घरातील कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. दुःखातून वर आलेल्या माणसाची कृतज्ञता कशी असते ते येथे दिसते. ती नुसती समाधान मानून बसत नाही. ती दुसऱ्याच्या गळ्यातील फास सोडविते.

बेंदराहून परत आल्यावर मी एक साधा उपक्रम सुरू केला. रोज रात्री निजण्यापूर्वी वहीच्या मागील पानावर दोन रकाने आखावयाचे : 'जमा' आणि 'फेड'. आज कोणाकडून काय मिळाले ते पहिल्यात, त्यापोटी मी काय केले ते दुसऱ्यात. या सवयीला अलीकडच्या मानसशास्त्राचाही काहीसा आधार आहे. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो या अमेरिकन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला कृतज्ञ वाटाव्यात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहून काढल्या, ते तक्रारी लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. मला मात्र पहिल्या आठवड्यात समाधानापेक्षा संकोचच अधिक वाटला. 'जमा'च्या रकान्यात एकदा लिहिले : 'उशीर झाला तरी खानावळीतील मावशींनी भाकरी झाकून ठेवली.' नाव लिहावे म्हणून थांबलो, तो मला त्यांचे नावच ठाऊक नव्हते! दीड वर्ष त्यांच्या हातचे जेवत होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव विचारले. त्या आधी गोंधळल्या, मग हसल्या. त्या दिवसापासून जेवण झाले की माझे ताट मीच घासून ठेवतो. ही फार मोठी फेड नाही, हे मला समजते.

'जमा'चा रकाना रोज भरतो. 'फेड'चा पुष्कळदा कोराच राहतो. कधी कंटाळा येतो, कधी चिडचिड होते. कृतज्ञतेने माझा स्वभाव पालटला असे मी म्हणणार नाही. एवढे मात्र झाले की सुटीत गेलो की सरळ काकांच्या ओसरीवर जाऊन बसतो आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलू शकतो.

धाकटी बहीण यंदा आठवीत आहे. दिवाळीच्या सुटीत रोज सकाळी तासभर आम्ही तिचे गणित घेऊन बसलो. अपूर्णांक तिला आता येऊ लागले आहेत. बीजगणित अजून बाकी आहे. काकांच्या हिशेबाने माझे कर्ज थोडेसेच फिटले आहे.