पाठटिपण : मातिकोचा पाला – उपयोग व पुरावा

(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी – सामान्य विज्ञान व भूगोल)

उद्देश : साथीच्या काळात एका आदिवासी समाजाने आपल्या परंपरागत वनस्पतिज्ञानाचा आधार कसा घेतला, हे विद्यार्थ्यांस सांगणे, तसेच ‘आराम पडणे’ आणि ‘औषधाने रोग बरा होणे’ यांतील भेद त्यांच्या मनावर ठसविणे.

साहित्य : दक्षिण अमेरिकेचा नकाशा, विड्याचे पान, मिरीचे दाणे.

प्रस्तावना : विड्याचे पान दाखवून घरी त्याचा औषधी उपयोग कसा करतात, ते विचारावे व उत्तरे फळ्यावर लिहावीत. विड्याचे पान व मिरी ज्या कुळातील, त्याच कुळातील मातिको नावाचे झुडूप पेरू देशात उगवते, असे सांगून विषयाकडे वळावे.

विवेचन : पेरूच्या पूर्वेकडील अरण्यप्रदेशात उकायाली नदीच्या काठी शिपिबो-कोनिबो लोक राहतात. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पेरूत पोहोचली. थोड्याच दिवसांत पुकाल्पा शहरातील रुग्णालये अपुरी पडली. प्राणवायूचा तुटवडा भासू लागला. मे २०२० मध्ये काही शिपिबो स्वयंसेवकांनी ‘कमांदो मातिको’ नावाचे पथक उभारले. मातिकोच्या पाल्याचा काढा देणे, पाला उकळून त्याची वाफ देणे आणि आजाऱ्याची विचारपूस करणे, हे त्यांचे कार्य. ज्या काळी रोग्याजवळ जाण्यास लोक भीत होते, त्या काळी ही शुश्रूषा लहान गोष्ट नव्हती.

येथे वर्गास एक प्रश्न विचारावा : काढा घेतलेला रोगी बरा झाला, एवढ्यावरून काढ्याने रोग गेला असे म्हणता येईल काय? करोनाचे बहुसंख्य रोगी औषधावाचूनही बरे होत. म्हणून काढा घेणारे व न घेणारे असे दोन सारखे गट घेऊन तुलना करावी लागते. मातिकोने करोना बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

परंतु म्हणून परंपरेचे ज्ञान टाकाऊ ठरत नाही. अँडीज पर्वतातील सिंकोना वृक्षाची साल हिवतापावर फार पूर्वीपासून वापरात होती. १८२० मध्ये पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनीन वेगळे केले. त्यामुळे औषधाची मात्रा मोजून देणे शक्य झाले. पेरूच्या राजचिन्हावर हा वृक्ष आजही आहे. परंपरेने दिशा दाखविली, परीक्षेने खात्री पटविली.

शिक्षकांस सूचना : एखादे मूल आजीच्या काढ्याविषयी सांगू लागल्यास त्याचा उपहास करू नये, उपहास झाल्यास ते पुन्हा बोलणार नाही आणि आजीबरोबर तिचे ज्ञानही जाईल. त्याचबरोबर नुसती मान डोलवूनही चालणार नाही. ‘काढ्याने उतरेल’ म्हणून थांबलेल्या घरात श्वास लागलेला रोगी दगावू शकतो. धाप लागणे, ग्लानी येणे, ताप न उतरणे ही लक्षणे दिसताच रोग्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे, हे मुलांकडून पाठ करून घ्यावे.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्यांस विचारून पाच वनस्पतींची नोंद करावी – स्थानिक नाव, वापरावयाचा भाग, उपयोग, सांगणाऱ्याचे नाव. कोणतीही वनस्पती मुलांनी चाखून पाहू नये. नोंदवहीत शेवटी एक रकाना मोकळा ठेवावा व त्यास ‘परीक्षा झाली काय?’ असे शीर्षक द्यावे.