रेतकांडीवरचा नंबर वहीत उतरवा

कन्हान भागात गाईचा धंदा पूर्वी नुसत्या दुधावर उभा नव्हता. दूध कामठी-नागपूरला जायचं, गोऱ्हा मोठा होऊन बैलबाजारात विकला जायचा, शेण धानाच्या बांधीत पडायचं. ट्रॅक्टर आले तशी बैलाची मागणी आटली. मार्च २०१५ मध्ये राज्यात सुधारित कायदा लागू झाला आणि गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कायदा बरा की वाईट हा वेगळा विषय. पण गोऱ्हा आणि भाकड गाय यांचं कुटार-ढेप आता मालकाच्याच माथी आहे, आणि दुधाचा दर ठरवताना हा खर्च कुणी धरत नाही. तो आपणच आधी धरायचा.

आमच्या कोठ्यात गवळाऊ गाय होती. दूध थोडं, पण उन्हातान्हात टिकणारी. जास्त दुधासाठी तिला होल्स्टीन या विदेशी जातीचं रेत भरलं. झालेली कालवड गवळाऊपेक्षा कितीतरी जास्त दूध देऊ लागली. त्या कालवडीलाही होल्स्टीनच भरलं गेलं, पुढच्या पिढीलाही तेच. रेत भरायला येणारा माणूस डब्यातून कांडी काढायचा, काम करून निघून जायचा. वळू कोणता, त्याचं रक्त किती, हे ना त्याने सांगितलं ना कुठे लिहिलं गेलं. हिशेब मात्र सोपा आहे: पहिल्या पिढीत विदेशी रक्त ५० टक्के, दुसरीत ७५, तिसरीत ८७.५. पशुतज्ज्ञ ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास थांबा म्हणतात, ते का, हे तिसऱ्या पिढीची गाय मे महिन्यात बघितली की कळतं. पारा ४५ वर. गाय तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळते, गव्हाणीत ढेप तशीच पडून. दूध तर उतरतंच, पण खरा घाटा पुढे आहे: माज मुका होतो. ती हंबरत नाही, दुसरीवर उडत नाही. पहाटे कंदील-बॅटरी घेऊन शेपटीखाली बघितलं तर काचेसारखा पातळ सोट दिसतो, तोही थोडा वेळच.

असा एक माज हुकला की २१ दिवस गेले. दोन-तीनदा उलटली, म्हणजे भरूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोन महिने. त्या दिवसांचा चारा, ढेप, औषध चालूच असतं आणि पुढचं वेत तेवढं लांबतं. गाय किती लिटर देते हे सगळे विचारतात. दोन वेतांत अंतर किती, हे विचारा. १२-१३ महिन्यांचं अंतर ठेवणारी मध्यम दुधाची गाय, दीड वर्षाने विणाऱ्या भारी गाईपेक्षा घर चांगलं चालवते.

म्हणून कांडी हातात घेऊन बघा. तिच्यावर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते. गाईच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्यासमोर तो नंबर आणि तारीख वहीत उतरवा. वळूचा नंबर सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडून गाय भरवूच नका. कालवड ५० टक्क्यांवर पोचली असेल तर संकरित वळूचंच रेत मागा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उलटली नाही म्हणजे गाभण, असं धरू नका. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या. बिल्ल्याला कंटाळू नका. २०२४ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा बिल्ला नसलेल्यांची अडचण झाली.

आता कालवडीच होण्यासाठी वेगळी रेतमात्रा मिळते. तिची देशी बनावटीची पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच विदर्भात, वाशिमला जाहीर झाली. त्यातून साधारण ९० टक्के कालवडी होतात, म्हणजे गोऱ्ह्यांचा बोजा खरोखर हलका होतो. पण या कांडीत शुक्राणू कमी असतात, त्यामुळे गर्भ राहण्याचं प्रमाणही साध्या रेतापेक्षा कमी. वारंवार उलटणाऱ्या, अशक्त किंवा म्हाताऱ्या गाईवर ती वाया घालवू नका. धडधाकट कालवड किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय, माज स्पष्ट दिसलेला, आणि उन्हाळा टाळून, तिथेच ती वापरा. आणि कालवडी वाढल्या की चाराही वाढतो. किती ठेवायच्या आणि कोणत्या वयात विकायच्या, हे कांडी भरण्याआधी घरात बसून ठरवा.