ताट आपले, सल्ला कोणाचा?

(मोबाइलवर आरोग्याविषयी पुष्कळ सल्ले मिळतात. ते पाहून अनेक मुली व स्त्रिया आपला आहार बदलतात. असे सल्ले कसे पारखून घ्यावेत, हे या पाठात सांगितले आहे.)

रात्रीची जेवणे आटोपली, की तुमच्या घरात काय दिसते? अम्मी, आपा, खाला जरा टेकतात आणि मोबाइल हाती घेतात. पडद्यावर एक सडपातळ तरुणी हसत सांगत असते, "चपाती आणि भात बंद करा. सकाळी फक्त फळांचा रस प्या. महिन्याभरात फरक पाहा!" दुसऱ्या दिवशी घरातील कोणीतरी चपातीला 'नको' म्हणते.

मोबाइलवरचे सगळेच सल्ले वाईट असतात का? नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आपली जुनी धान्ये आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. या धान्यांचे नवे पदार्थ मोबाइलवर पाहून शिकता येतात. मीठ, साखर, तेल बेताने खावे, हेही तेथे ऐकायला मिळते. हे चांगलेच आहे. मग अडचण कोठे आहे?

तेथे कोणीही वैद्य होऊ शकतो, ही पहिली अडचण. ऑस्ट्रेलियातील बेल गिब्सन या तरुणीची गोष्ट ऐका. आपल्याला मेंदूचा कर्करोग झाला आहे आणि आपण योग्य आहाराने त्याच्याशी लढत आहोत, असे ती लोकांना सांगे. २०१३ साली तिने आहाराविषयी एक ॲप काढले. पुढे तिचे पाककृतींचे पुस्तकही निघाले. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. २०१५ साली तिने कबूल केले, की आपल्याला कर्करोग कधी झालाच नव्हता! २०१७ साली न्यायालयाने तिला ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. पण विश्वास ठेवणाऱ्या आजारी माणसांचा वाया गेलेला वेळ कोण परत देणार?

दुसरी अडचण मोबाइलच्या रीतीची आहे. वजन कमी करण्याची एक चित्रफीत तुम्ही शेवटपर्यंत पाहिली, की तशाच अनेक चित्रफिती पुढे येतात. मग वाटते, सारे जग हेच सांगत आहे. त्या चित्रांतील चेहरे आणि शरीरे पुष्कळदा सजवलेली, बदललेली असतात. ती पाहून आपलेच शरीर आपल्याला आवडेनासे होते. मुलगी जेवण टाळू लागते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले, की भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय होता. रक्तक्षय झाला, की थकवा येतो, दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशा मुलीने जेवण सोडले, तर तिचे काय होईल?

तिला गरज असते ती पोटभर आणि सकस जेवणाची. पालेभाज्या, डाळी, मोड आलेली कडधान्ये, मटण, कलेजी यांतून शरीराला लोह मिळते. डाळ-भाजीवर लिंबू पिळले, तर त्यातील लोह शरीरात चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते कमी शोषले जाते. हा सल्ला साधा आहे. त्यात विकण्यासारखे काही नाही, म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही.

तेव्हा कोणताही सल्ला ऐकला, की तीन प्रश्न विचारा. सांगणारा कोण आहे? तो काही विकत तर नाही ना? हा सल्ला माझ्या वयाला आणि माझ्या प्रकृतीला योग्य आहे का? आरोग्याचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांनी आपण प्रमाणित असल्याचे स्पष्ट सांगावे, असे भारत सरकारनेही ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले आहे. शंका वाटली, तर डॉक्टरांना विचारा.

आज घरी गेल्यावर आणखी एक काम करा. सर्वांना वाढून झाल्यावर अम्मीच्या ताटात काय उरते, ते पाहा. मोबाइलला ते ताट दिसत नाही. तुम्हाला दिसते. तिला आपल्याबरोबर जेवायला बसवा.

शब्दार्थ
पारखणे – नीट तपासून पाहणे
बेताने – योग्य प्रमाणात
रक्तक्षय – रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे
सकस – शरीराला बळ देणारे
गाजावाजा – मोठी प्रसिद्धी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेल गिब्सनने २०१५ साली काय कबूल केले?
(आ) रक्तक्षयामुळे कोणते त्रास होतात?
२. सल्ला ऐकल्यावर कोणते तीन प्रश्न विचारावेत?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : विश्वास, चांगले, जुने.
४. तुमच्या घरातील स्त्रिया दिवसभरात केव्हा व काय खातात, ते त्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.